तीन हात चुना

सबंध वस्तीला चुना लावणारी बाई म्हणून चुनेकाकूची रोज चेष्टा व्हायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. "लावते की! तुझ्या आजोबांनाही माझ्या मावशीने लावलाय," असं ती फटकन म्हणायची आणि खांद्यावरचा कुंचला सावरत पुढे जायची. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत. बोटांची कातडी चुन्याने गेलेली. जिभेचं काय सांगावं, तिच्यापेक्षा कळीचा चुना बरा.

त्या काळी घर कुणाच्याच मालकीचं नसायचं. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडेपणा वाटेल. फार पूर्वी म्हणे एकेका खोलीसाठी भाऊ भावाच्या जिवावर उठले, एकाची दहा घरं रिकामी आणि दहाजण रस्त्यावर, असं चाललं होतं. मग एकदा सगळं जळालं. जे उरले त्यांनी एकाच साच्यातून हजारो घरं ओतून काढली आणि ठरवलं की यापुढे कुणी घर धरून बसायचं नाही. दर सात वर्षांनी पालट. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने दोन ट्रंका उचलायच्या आणि कचेरीने नेमलेल्या दुसऱ्या घरात जायचं. तुमच्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा, अशी साखळी. राहत्या जागेला 'बसतं घर' म्हणायचं. 'माझं घर' असे शब्द एखाद्या पोराच्या तोंडून निघाले तर आई आधी इकडेतिकडे बघायची आणि मग थोबाडीत द्यायची.

आता पालट वाईट होता असं मी म्हणणार नाही. चुनेकाकूही म्हणायची नाही. शंभर वर्षांत त्या वस्तीत घरावरून एक डोकं फुटलं नव्हतं. ओलीतल्या माणसाला ऊन मिळायचं, उन्हातल्याला जरा ओल. पण एक अट होती. घर सोडताना ते कोरं करून सोडायचं. भिंतीवर मागच्या माणसाची खूण राहता कामा नये, कारण खूण राहिली की जीव अडकतो, आणि जीव अडकला की पुन्हा भांडणं, असा कचेरीचा हिशेब. हे कोरं करण्याचं काम चुनेकाकूचं. वस्तीतल्या एकेचाळीस घरांना ती चुना द्यायची आणि मग कचेरीच्या 'घर कोरं' अशा दाखल्यावर सही करायची. तिच्या सहीशिवाय कुणी आत येऊ शकत नव्हतं.

तीस वर्षांत तिने काय काय पुसलं! दाराच्या चौकटीजवळ पोरांच्या उंचीच्या रेघा असायच्या, कोळशाने मारलेल्या, एकीवर एक. खिळ्यांची भोकं. शेगडीमागे तेलाचे ओघळ. एका घरात पलंगाशेजारी कुणी नखाने शेकडो आडव्या रेघा ओढल्या होत्या, ते दुखण्याचे दिवस होते की आणखी कसले, देव जाणे. "डोळे मिटून कुंचला चालव," मावशी शिकवायची. मावशीनेच तिला हा धंदा दिला. चुन्याखाली कसलाही डाग दबतो, एकच सोडून, हेही तिनेच शिकवलं. धुराड्यात जी चिकट काजळी साठते ना, तिचा डाग. वरून दहा हात द्या, ओला असेपर्यंत पांढराशुभ्र, आणि वाळला की पिवळसर तपकिरी होऊन पुन्हा वर. त्यावर इलाज एकच. आधी लाखेचा पातळ हात द्यायचा, मग चुना. पण ही गोष्ट मावशीने पोटात ठेवली होती आणि भाचीलाही ठेवायला सांगितली. "सगळंच कचेरीला कळलं तर आपल्याला कोण विचारतंय?"

चुनेकाकूचा नवरा कातारी. लाकडाच्या वस्तू कातायचा, पलंगाचे पाय, लाटणी, मुठी. कमी बोलणारा, हसरा माणूस. तरुणपणी यंत्रात सापडून त्याची डाव्या हाताची करंगळी मोडली आणि वाकडीच बसली. ती बाहेरच्या बाजूला अशी फाकलेली असायची की गर्दीत पाठीवर हात पडला तरी काकूला न बघता कळायचं, आपलाच माणूस.

चार वर्षांपूर्वी चुना भिजवताना तो बायकोला मदत करत होता. पिंपात पाणी जरा जास्त पडलं. काकू पाठ फिरवून शेजारणीशी बोलत होती. पिंप उसळलं आणि चुना त्याच्या डोळ्यांत गेला. संपलं. दोन्ही डोळे गेले. कातारी तिला त्यावरून एका शब्दाने कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, ती निदान भांडली तरी असती.

पहिलं वर्ष तो खाटेवर बसून होता. भरवलं तर खायचा. मग एके सकाळी त्याने भिंतीला हात लावला आणि उठला. दारापासून नळापर्यंत अकरा पावलं. मधल्या खोलीचा उंबरा दोन बोटं वर. शेगडीच्या डाव्या अंगाला फरशी खचलेली, तिथे पाय हळू टाकायचा. खिडकीची कड कमरेला लागली की उजवीकडे फडताळ. नडग्या फुटल्या, कपाळाला टेंगळं आली, गरम तवा दोनदा हातावर घेतला. काकू आतल्या आत मरत होती, पण मध्ये पडली नाही. अडीच वर्षं लागली. आता तो घरभर असा फिरायचा की नवख्याला वाटावं, याला दिसतंय. फडताळातून लाकूड काढून खिडकीत बसायचा आणि चाकूने कोरायचा. पुन्हा लाटणी व्हायला लागली होती. जरा वाकडी, पण लाटणीच.

आणि नेमका त्या वर्षी पालट आला.

कचेरीच्या पाटीवर अक्षरं उजळली. काकू-कातारी यांना गिरणीमागे तिसऱ्या मजल्यावर. आणि त्यांच्या घरात येणार होती कातारीची धाकटी बहीण, शिवणकाम करणारी. तिची सात वर्षं ओढ्याकाठी ओलीत गेली होती. छाती भरून यायची, रात्र रात्र खोकायची, कापडालासुद्धा बुरशी लागायची. या घराला पूर्वेची खिडकी होती. पाटीवर नाव उजळल्याची बातमी आली तेव्हा ती रडली म्हणे.

काकूने कचेरीत तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जानंतर पालटसाहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. घामाघूम, टापटीप, बगलेत नियमांचं बाड.

"काकू, तुम्ही तरी असं बोलू नये," ते म्हणाले. "घरं सगळी एका साच्यातली. अकरा पावलं इथे, अकरा पावलं तिथे. डोळे नसलेल्या माणसाला उलट सोपं."

"साहेब, तुम्ही किती घरांच्या भिंतींना हात लावलाय?"

"त्याचा काय संबंध?"

"मी एकेचाळीस घरांना लावलाय, चार-चार वेळा. साचा एक होता, शंभर वर्षांपूर्वी. जुळी भावंडं म्हातारपणी सारखी दिसतात का? कुठे जमीन खचलीय, कुठे उंबरा वर आलाय, कुठे नळ फुटला म्हणून दुसरीकडे बसवलाय. तुम्हाला सगळी सारखी वाटतात ना? बांधा डोळे. बांधा! आणि आतून एक पेलाभर पाणी घेऊन या. आणलंत तर मी उद्याच ट्रंका बांधते."

साहेबांना हसू आलं. शेजारीपाजारी दारात जमले होते, माघार घ्यायची सोय नव्हती. काकूने आपला धुतलेला पंचा त्यांच्या डोळ्यांवर आवळला. साहेब स्वतःच्या बसत्या घरात चालावं तसे ऐटीत निघाले.

"साहेब, उंबरा," खिडकीतून कातारी म्हणाला, पण तोवर साहेबांची नडगी आपटली होती. "आई गं!" करून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, खचलेल्या फरशीवर पाय मुरगळला, आणि सरकारी अधिकारी शेगडीशेजारी फतकल मारून बसला. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

पंचा सोडून साहेब बराच वेळ नडगी चोळत राहिले. "पटलं हो काकू," ते शेवटी हळूच म्हणाले. "मला पटलं. पण मला पटून काय उपयोग? एक घर अडलं की एकेचाळीस अडतात. साखळी तुटली तर सगळे होते तिथेच, आणखी सात वर्षं. तुमची नणंदही ओलीत. घर साखळीतून सुटतं ते एकाच तऱ्हेने, डागी ठरलं तर. आणि तशी वेळ कुणावर येऊ नये."

साहेब लंगडत गेले. काकू मात्र तिथेच उभी राहिली. त्यांनी सहज टाकलेला शब्द तिने उचलला होता.

डागी घर म्हणजे जे तीन हात चुना देऊनही कोरं होत नाही ते. मागे एक जळकं घर असं ठरलं होतं. ते घर आणि त्यातलं कुटुंब, दोन्ही साखळीतून वजा. साखळी उरलेल्यांची जुळते, तिथे येणार होता त्याला तिथल्यांना नेमलेलं घर मिळतं. डागी घरातल्यांनी मरेपर्यंत तिथेच राहायचं. पालटात नाव नाही, छप्पर गळलं तरी कचेरीचा गवंडी नाही, आणि माणसं गेली की घर पाडायचं. लोक त्या दारावरून जाताना चाल बदलायचे. डाग मुद्दाम पाडला तर काय, याचं कलमच नव्हतं. पुढच्या चांगल्या घराची आशा आपल्या हाताने कोण जाळेल, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असणार.

पालटाच्या दिवशी सकाळी साऱ्या रस्त्यावर ट्रंका आल्या. चाळीस घरं लखलखीत कोरी झाली होती, काकूच्या सह्यांसकट. उरलं होतं एक. काकूने पावाच्या भट्टीच्या धुराड्यातून खरवडून आणलेली काजळी तेलात कालवली, पसरट ताटलीत ओतली आणि नवऱ्यासमोर धरली.

"हात बुडवा."

कातारीने वास घेतला. "अगं, ही जाणार नाही."

"म्हणूनच."

त्याने बोटाने ताटलीची कड चाचपली. "तुझा धंदा जाईल."

"जाऊ दे. तीस वर्षं लोकांच्या पोरांच्या रेघा पुसल्या. आता बास. तुमचे डोळे मी घेतले, आता तुमच्या पायाखालची जमीन मी कुणाला घेऊ देणार नाही. कचेरीचा बाप आला तरी नाही. चला, दारापासून सुरू करा. रोज चालता तसे चाला, जिथे हात टेकता तिथे टेका."

आणि कातारी चालला. चौकटीवर एक हात, उंबऱ्यापाशी दोन, नळाजवळ, शेगडीच्या वर, खिडकीच्या कडेला, फडताळाशेजारी. काळे हात भिंतीभिंतीवर उमटत गेले आणि प्रत्येक डाव्या हाताची करंगळी बाहेर फाकलेली. काकू ताटली घेऊन मागून चालत होती आणि घळाघळा रडत होती.

इतक्यात शिवणवाली दोन ट्रंका आणि मशीन घेऊन दारात उभी राहिली. भिंती बघितल्या आणि ट्रंका तिथेच खाली ठेवल्या.

"वहिनी! काय केलंस हे? माझ्या घराला काळं फासलंस!"

रस्त्यावरचे सगळे वळून बघायला लागले. शिवणवालीने आपल्याच तोंडावर हात दाबला.

"ऐकलंत ना?" काकू दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अजून उंबरा ओलांडला नाही आणि वन्संचं घर झालं. मी नाही हो शिकवलं. बाईच्या पोटातच होतं, तुमच्याही असेल."

"तुला हसू येतंय?" शिवणवाली खोकत म्हणाली. "सात वर्षं कुजले मी. आता तिसरा मजला चढू? दादाला काय गं, तो खाटेवर बसतो नि तू भरवतेस. खाट काय, कुठेही टाकता येते."

तेवढ्यात साहेब आले, भिंती बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"हे... मुद्दाम केलंत?"

"हो, मुद्दाम. लिहून घ्या. आणि हे माझं धंद्याचं परवानापत्र, तुम्ही मागायच्या आधीच देते. पण नियम नियमासारखा पाळा. वस्तीच्या चुनेवालीने येणाऱ्या कुटुंबादेखत तीन हात द्यायचे, असं तुमच्याच बाडात आहे. तो चुना मी देईन. पाणी घालून पातळ केला असं कुणी म्हणायला नको."

खरं सांगतो, तसा चुना तिने जन्मात दिला नसेल. पहिला हात उभा, दुसरा आडवा. कुठे थेंब नाही, कुठे कुंचल्याची वाट नाही. कचेरीचा चुना अर्ध्या तासात वाळायचा. पहिला हात वाळला आणि हात वर आले. दुसरा वाळला, पुन्हा आले, पण आता फिके, अगदी फिके, चहाच्या डागासारखे. साहेबांनी डाग लागला की वाजणारा भिंतवाचक दिवा फिरवला, तो कुठे वाजला, कुठे नाही. "तिसऱ्यात दबेल असं दिसतंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज काही आनंदी नव्हता.

काकूने भिंतीशी वाकून बघितलं. काजळीत तेल जास्त झालं होतं का?

शिवणवाली ट्रंकेवर तोंड फिरवून बसली होती. पाठीमागे पावलं वाजली, ठरलेल्या अंतराने. कातारी हातात कप घेऊन आला, उंबऱ्याशी पाय उचलला, खचलेली फरशी टाळली, आणि कप बरोबर तिच्यासमोर धरला.

"घे, चिमणे. आलं घातलंय, छातीला बरं."

ती कपाकडे बघत राहिली. "दादा, हा कुणी केला?"

"मीच की. रोज करतो. तुझी वहिनी दोन कप पिते, वर नावं ठेवते."

गेल्या खेपेला ती आली होती तेव्हा हा माणूस खाटेवर बसून भिंतीकडे तोंड करून होता आणि वहिनी त्याच्या हनुवटीवरची पेज पुसत होती. तिने कप दोन्ही हातांनी धरला.

काकूने तिसऱ्या हातासाठी कुंचला भिजवला. साहेबांनी बाड उघडलं. "शेवटच्या हाताआधी येणाऱ्याला विचारायचं असतं. हा डाग जाण्याचा दुसरा काही इलाज तुमच्या माहितीत आहे का? असेल तर करावाच लागेल."

काकूचा हात हवेतच थांबला. कारण इलाज शिवणवालीला माहीत होता. एकवीस वर्षांपूर्वी तिच्या बसत्या घरात शेगडी भडकून भिंत काजळली होती, पालट आठ दिवसांवर आलेला, ही तेव्हा कोवळी पोर, हमसाहमशी रडत होती. तेव्हा काकूनेच दार लावून भिंतीला लाखेचा हात दिला होता आणि तिने दिवा धरला होता. तोच लाखेचा डबा आत्ता फडताळात, डोळ्यांसमोर होता. शिवणवालीने डब्याकडे बघितलं. मग पूर्वेच्या खिडकीकडे बघितलं, जिथून मशीनवर ऊन पडलं असतं. मग चहाचा घोट घेतला.

"मला काय माहीत साहेब?" ती म्हणाली. "मी शिवणारी बाई. आमच्यात डाग पडला तर कापडच फाडतात."

साहेबांनी लिहून घेतलं. काकूने तिसरा हात दिला, पहिल्या दोन्हींपेक्षा नेटका. भिंत दुधासारखी झाली. मग सगळे वाट बघत बसले. चाळीस कुटुंबं रस्त्यावर ट्रंकांवर, साहेब एका पायावर भार देऊन, काकू जमिनीवर, हातात सुकत चाललेला कुंचला. भिंत पांढरी. पाव तास झाला, पांढरीच. काकूला आता बघवेना, तिने डोळे मिटले, मावशीने शिकवलं होतं तसे.

खिडकीत बसलेल्या कातारीने विचारलं, "आलं का गं?"

काकूने डोळे उघडले नाहीत. शिवणवाली उठली, भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली, आणि तिचा आवाज फुटला.

"आलं, दादा. तुझी करंगळी आधी आली."